सूनमुखाचे ३९७ डॉलर

आमच्याकडे टपाल दुपारी येतं आणि त्यातलं निम्मं उंबरठा न ओलांडताच रद्दीत जातं. पिझ्झ्याची कुपनं, छप्पर दुरुस्त करून देतो म्हणणारी पत्रकं, न मागता 'मंजूर' झालेली क्रेडिट कार्डं. मी गॅरेजमधल्या डब्यापाशी उभी राहूनच सगळं चाळते. २०२२ च्या मे महिन्यात असंच एक पातळ पाकीट मी टर्रकन फाडलं आणि डब्यात टाकणार, तेवढ्यात आतून चेकची नक्षीदार कड दिसली. फाटलं ते पाकीटच होतं, नशीब. चेक शाबूत. रक्कम ३९७ डॉलर.

हिशेब ठेवणं हा माझा धंदा. शिकागोच्या एका उपनगरात, नेपरव्हिलला, छोट्याशा ऑफिसात मी दिवसभर दुसऱ्यांची बिलं जुळवत बसते. त्यामुळे आकडा समोर आला की तो कुठून आला हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही. पगार कळतो, व्याज कळतं, टॅक्सचा परतावा कळतो. हा पैसा कशाचा? सोबतच्या कागदावर खटल्याचं लांबलचक नाव होतं, त्यात 'फेसबुक' आणि 'बायोमेट्रिक' हे दोन शब्द होते. मग दीड वर्षापूर्वी भरलेला फॉर्म आठवला. हा माझ्या चेहऱ्याचा पैसा होता.

नवऱ्याला दाखवला. त्यानं चेक पाचशेची नोट तपासावी तसा उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि म्हणाला, "चेहऱ्याचे पुरते चारशेही नाही दिले गं तुला."

त्याला स्वतःला काहीच आलं नव्हतं. त्याचं फेसबुकवर अकाउंटच नाही, आणि ही गोष्ट तो गेली पंधरा वर्षं व्रत केल्यासारखी सांगत असतो.

फॉर्म भरला होता २०२० मध्ये. त्या वर्षी इथल्या मंडळाचा गणपती झूमवर बसला होता आणि माणसं व्हॉट्सअॅपवर. दोन मोदकांच्या फोटोंच्या मध्ये कुणीतरी लिंक टाकली: इलिनॉयमध्ये राहणाऱ्या फेसबुकवाल्यांना पैसे मिळणार आहेत, २३ नोव्हेंबरच्या आत अर्ज करा. पहिली दहा उत्तरं 'फ्रॉड आहे, कुणी दाबू नका' अशी. मग ग्रुपमधल्या एका वकील मुलीनं सांगितलं की खरं आहे, कोर्टाच्या हुकमानं चाललंय, ईमेलही आलं असेल, नको असलेल्या मेलच्या ढिगात बघा. ढिगात होतं. नाव, पत्ता, इतकी वर्षं इलिनॉयमध्ये राहते, हो माझे फोटो होते, सही. पाच मिनिटांचं काम. स्वयंपाकघरात कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मध्ये मी माझ्या चेहऱ्याबद्दलचा दावा दाखल केला आणि विसरून गेले.

शेजारच्या ऑरोराला माझी मामी राहते. तिलाही मी लिंक पाठवली होती. चेक आल्यावर फोन केला तर तिनं फॉर्म भरलाच नव्हता. "अगं, तूच तर बजावलं होतंस ना, ओळखीच्या माणसानं पाठवली तरी लिंक दाबायची नाही म्हणून?" बजावलं होतं खरं. यावर काय बोलणार.

आता तो चेहऱ्याचा प्रकार.

२०११ च्या जूनमध्ये फेसबुकनं फोटो ओळखायची सोय सर्रास चालू केली. तुम्ही फोटो चढवलात की त्यातल्या प्रत्येक तोंडाभोवती चौकोन यायचा आणि खाली प्रश्न: ही अमुक का? नाव बरोबर असायचं. मागे काय चालायचं ते नंतर खटल्याच्या कागदांतून सगळ्यांना कळलं. दोन डोळ्यांतलं अंतर, नाक, कान यांची मापं घेऊन चेहऱ्याचा एक साचा तयार व्हायचा आणि नवा फोटो आला की तो साठवलेल्या साच्यांशी ताडून बघितला जायचा. तेव्हा आम्हाला त्याचं नुसतं कौतुक. त्या सप्टेंबरात मंडळाच्या गणपतीचे दोनशेएक फोटो मीच चढवले होते. नऊवारीत, नथीत, अर्धं तोंड आरतीच्या ताटामागे, तरी त्यानं मला दरवेळी ओळखलं. आमच्यात एक बाई आहेत, दर वर्षी भेटून माझं नाव विचारतात. त्यांच्यापेक्षा बरं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

पण एक फोटो मला या सगळ्यात विसरता येत नाही. त्याच हिवाळ्यात मी आईच्या लग्नाचा अल्बम स्कॅन करत बसले होते. काळ्या जाड पानांना कोपऱ्यात चिमटे लावून बसवलेले फोटो, मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेला पातळ कागद. त्यातल्या एकात आई एकटी आहे. मुंडावळ्या बांधलेल्या, डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत, जरा घाबरलेली. वय बावीस. मी तो चढवला. आईच्या तोंडाभोवती चौकोन आला आणि खाली माझं नाव.

मी मोठ्यानं हसले. आईला फोन लावला, वाईला तेव्हा पहाटेचे साडेपाच, ती दूध तापवत होती. म्हटलं, "आई, मशीनलासुद्धा कळलं मी तुझ्यावर गेलेय ते." ती म्हणाली, "त्यात मशीन कशाला लागतं?"

तिचं तेव्हा अकाउंट नव्हतं. म्हणजे तिचा साचा कुठे नव्हता. होता तो माझा, आणि तिचं तोंड त्यात चपखल बसलं. नंतर, चेक हातात घेऊन बसले होते तेव्हा, मला हे पहिल्यांदा नीट उमगलं की त्या यंत्राकडे जे होतं ते फक्त माझं नव्हतं. नाक आईचं, आईचं तिच्या वडिलांचं. माझ्या भाच्यालाही तेच आलंय आणि तो अजून शाळेत आहे.

कायद्याला मात्र असं वंशावळीनं मोजता येत नाही. त्याला एक माणूस, एक सही, एक चेक लागतो.

हा कायदा मुळात कसा झाला तेही ऐकण्यासारखं आहे, कारण इलिनॉय म्हणजे काही संगणकवाल्यांचं राज्य नव्हे. मका, सोयाबीन आणि शिकागोच्या राजकारणाचं राज्य. २००० नंतरच्या काळात इथल्या किराणा दुकानांत आणि पेट्रोलपंपांवर बोट टेकवून पैसे भरायची सोय आली होती. पे बाय टच नावाची सॅनफ्रान्सिस्कोची कंपनी होती. २००७ च्या अखेरीस तिचं दिवाळं निघालं. दिवाळं निघालं की फर्निचर विकतात, गाड्या विकतात. मग बोटांचे ठसे? ते कुणाच्या वाट्याला जाणार? या प्रश्नातून २००८ मध्ये इलिनॉयच्या विधानसभेनं बायोमेट्रिक माहितीचा कायदा केला. त्यातला मुद्दा एवढाच: कार्डाचा नंबर चोरीला गेला तर बदलून मिळतो, बोट आणि चेहरा बदलून मिळत नाही. म्हणून घेण्याआधी लेखी सांगा, कशासाठी, किती दिवस, आणि लेखी होकार घ्या. नाही घेतला तर निष्काळजीपणाचे १,००० डॉलर, जाणूनबुजून केलं तर ५,०००. आणि हे पैसे ज्याचं बोट किंवा चेहरा, त्याला. सरकारला नाही.

कायदा पास झाला तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नसावं. पुढची काही वर्षं तो तसाच पडून होता.

इथून तासाभरावर गर्नी गावात सिक्स फ्लॅग्जचं मोठं करमणूक उद्यान आहे. आमचा लेकही शाळेच्या सहलीबरोबर तिथे जाऊन झोपाळ्यांवर उलटा लटकून आलाय. २०१४ मध्ये एक चौदा वर्षांचा मुलगा असाच शाळेच्या सहलीला गेला. हंगामी पाससाठी त्याचा अंगठा यंत्रावर टेकवून घेतला. घरी आल्यावर आईनं विचारलं, पासचा कागद कुठे? तो म्हणाला, कागद नसतो, अंगठा असतो. आई कोर्टात गेली. कंपनीचं म्हणणं साधं होतं: मुलाचं नुकसान काय झालं? ठसा चोरीला गेला नाही, पैसे गेले नाहीत, काहीच झालं नाही. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानं २५ जानेवारी २०१९ ला निकाल दिला की वेगळं नुकसान दाखवायची गरज नाही. विचारलं नाही, हेच झालं.

हे वाचलं आणि मला आमची आजी आठवली. वाईच्या घराला पुढे छोटं अंगण होतं आणि कुंपणाला जास्वंद. पहाटे कुणीतरी फुलं तोडून न्यायचं. रोज. घरात सगळे म्हणायचे, जाऊ दे, देवालाच तर वाहत असतील, ढोल्या गणपतीला नाहीतर घरच्याला. आजीला ते मान्य नव्हतं. एक दिवस ती चार वाजता उठून, खांद्यावर शाल घेऊन दाराआड बसली. सापडले ते गल्लीतले एक निवृत्त मास्तर, हातात परडी, पायात आवाज न होणाऱ्या चपला. आजी ओरडली नाही. म्हणाली, "हाक मारत चला मास्तर. मीच तोडून देते." त्यानंतर ते रोज हाक मारायचे आणि आजी त्यांना पूर्वीपेक्षा जास्त फुलं द्यायची. वर दूर्वा. आमच्या देवाला मग कधी कधी दोनच फुलं उरायची, त्यावरून आई आणि आजीत कुरबूर व्हायची, ती गोष्ट वेगळी.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. माझं तर काहीच जळलं नव्हतं. मी चौकोनाखाली माझं नाव बघून खूश होणारी बाई. मला कुणी विचारलं असतं तर मी बहुतेक 'हो' म्हटलं असतं. मग हा चेक घ्यायचा कशाला, असा एक दिवस मला प्रश्न पडला होता. नवऱ्यानं तो ऐकून घेतला आणि म्हणाला, "मग मास्तरांना फुकट घेऊ द्यायची होती का फुलं?"

फेसबुकविरुद्धचे दावे २०१५ मध्ये इलिनॉयमधून सुरू झाले आणि सॅनफ्रान्सिस्कोच्या फेडरल कोर्टात, न्यायमूर्ती जेम्स डोनाटो यांच्यापुढे गेले. जवळजवळ सहा वर्षं चालले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये कंपनीचं अपील ऐकायला नकार दिला आणि त्याच महिन्यात ५५ कोटी डॉलरच्या तडजोडीची बातमी आली. मला या सगळ्यातला सर्वांत आवडलेला प्रसंग यानंतरचा आहे. दोन्ही बाजूंचे वकील हातात हात घालून आले, आमचं जमलंय म्हणाले, आणि न्यायाधीश म्हणाले, मला पटत नाही. कायद्यात माणशी निदान १,००० लिहिलंय, मग इतकी सूट कशासाठी? लग्नघरात दोन्हीकडचे तयार आणि भटजी अडून बसलेत, असं दृश्य. आकडा ६५ कोटींवर गेला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी शिक्कामोर्तब केलं. कंपनीनं चूक कबूल केली नाही. तडजोडीत तशी करावी लागत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात मात्र तिनं चेहरे ओळखायची ती सोयच बंद करत असल्याचं आणि १०० कोटींहून जास्त माणसांचे साचे पुसून टाकत असल्याचं जाहीर केलं. त्यात माझाही गेला असणार. म्हणजे त्यातली आईही.

आता माझ्या आवडीचा भाग, हिशेब. ६५ कोटींतून वकिलांचे ९ कोटी ७५ लाख गेले. उरले सव्वापंचावन्न कोटी, त्यातून टपाल-कचेरीचा किरकोळ खर्च. ज्यांचा हक्क होता अशी माणसं ६९ लाख. सगळ्यांनी फॉर्म भरला असता तर प्रत्येकी आले असते ऐंशी डॉलर. फॉर्म भरले जवळजवळ १६ लाख जणांनी. कोर्टाच्या हुकमात किमान ३४५ म्हटलं होतं, छाननीनंतर पहिले चेक निघाले ते ३९७ चे.

म्हणजे माझ्या ३९७ मध्ये माझे ऐंशीच. बाकीचं न आलेल्या पाहुण्यांच्या पानावरचं. पंगत मांडली, दर पाच पानांमागे जवळजवळ चार रिकामी राहिली आणि जे आले त्यांना भरपेट वाढलं. इतर सामूहिक दाव्यांत दहात एकही येत नाही, त्या मानानं ही पंगत भरलेलीच म्हणायची. पण न आलेले कोण असतील हे मला ठाऊक आहे, कारण त्यातली एक माझी मामी आहे. दोन पाळ्यांत काम करणारी माणसं असतील, इंग्रजी ईमेलला घाबरणारी असतील, घर बदललेली असतील. आणि लिंक दाबायची नाही, ही शिकवण मनावर घेतलेली असतील. सगळ्यांत सावध माणूस इथे उपाशी राहिला, हे काही मला अजून नीट गिळता आलेलं नाही. मामीला मी तिच्या वाढदिवसाला ऐंशी डॉलरचं पाकीट दिलं. तिला कारण सांगितलं नाही.

उलटी पंगतही असते. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडची सुमारे १४ कोटी ७० लाख माणसांची माहिती फुटली. २०१९ च्या तडजोडीत पर्याय होता की आपल्या नावावरच्या कर्जनोंदींवर नजर ठेवणारी फुकट पाळत-सेवा नको असेल तर रोख १२५ डॉलर घ्या. लोक धावले. मग सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनला जाहीर सांगावं लागलं की या रोखीसाठी बाजूला काढलेत फक्त ३ कोटी १० लाख, तेव्हा फार आशा धरू नका. भागाकार करून बघा: १२५ नी भागलं की २ लाख ४८ हजार. चौदा कोटींच्या गावजेवणाला अडीच लाखांचा शिधा. आणि फेसबुकचंच दुसरं प्रकरण, केंब्रिज अॅनालिटिका या राजकीय सल्ला देणाऱ्या कंपनीच्या हाती लोकांची माहिती गेली त्याचं, त्यात रक्कम मोठी, साडेबहात्तर कोटी, पण दावेदार सगळ्या अमेरिकेतले. ते पैसे २०२५ मध्ये वाटायला लागले तेव्हा सरासरी तिशीच्या आसपास हातात पडले. इथल्या मराठी घरांत आता याची एक वेगळीच जाण आलीये. गूगल फोटोजचे १० कोटी, टिकटॉकचे ९ कोटी २० लाख, स्नॅपचॅटचे साडेतीन कोटी, अशा तडजोडी येत गेल्या आणि 'तुम्ही भरला का तो फॉर्म?' हे वाक्य 'मुलं कितवीत?' इतकं नेहमीचं होऊन गेलं.

आईला मी चेकबद्दल सांगितलं ते रविवारच्या व्हिडिओ कॉलवर.

"कसले पैसे?"

"तोंडाचे." मला तेवढंच सुचलं. मग समजावलं. फोटो, चौकोन, न विचारता माप घेतलं, म्हणून कोर्टानं पैसे द्यायला लावले.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं आवाज गेला. मग म्हणाली, "म्हणजे सूनमुख झालं की तुझं!"

ज्यांनी अलीकडे लग्नं पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगते: सासू सुनेचं तोंड पहिल्यांदा बघते, आरशात बघते काही घरांत, आणि तिला साडी, दागिना, काहीतरी देते. फुकट तोंड बघायचं नसतं. बाळ पहिल्यांदा बघितलं तरी त्याच्या मुठीत नोट कोंबतात. आईच्या हिशेबात हे सगळं एका खात्यात बसलं. "तोंड बघितलं की हातावर काहीतरी ठेवायचं असतं. त्यांनी ठेवलं. अकरा वर्षं उशीर केला, पण ठेवलं." सहा वर्षांचा खटला तिनं असा एका ओळीत निकाली काढला. मग तिचा पुढचा प्रश्न. "आणि माझं?"

तो लग्नाचा फोटो तिच्या लक्षात होता.

मी नियम काढून बघितले. गंमत म्हणून काढले, पण मग त्यातच तासभर गेला. अकाउंट हवं, आईनं ते २०१४ मध्ये आमच्याकडे आली असताना उघडलं, म्हणजे ते होतं. त्या वर्षीच्या गणपतीतले तिचे फोटोही होते, तळणीच्या मोदकांच्या ताटासह. आणि इलिनॉयमध्ये निदान १८३ दिवस राहिलेलं हवं. पासपोर्ट तिच्याकडे, पण तिकिटं माझ्या मेलमध्ये. १० एप्रिलला आली, २० सप्टेंबरला गेली. १६३ दिवस. वीस कमी. घटस्थापना २५ सप्टेंबरला होती आणि घट आपल्या घरीच बसले पाहिजेत म्हणून ती हट्टानं गेली होती. मी तिला म्हटलं, "तुझे ३९७ देवीनं घेतले." ती म्हणाली, "घेऊ दे. तिनं न विचारता कधी काही घेतलं नाही."

(तसंही मुदत कधीच उलटून गेली होती. हे मी तिला सांगितलं नाही, गमतीतली मजा गेली असती.)

ती वाईत राहते आणि वाईला इलिनॉयचा कायदा लागत नाही. तिथला काय आहे, तेही मग मी बघितलं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ते प्रकरण आधारवरूनच निघालं होतं, म्हणजे पुन्हा बोटं आणि डोळेच. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. दंड भरभक्कम आहे, २५० कोटी रुपयांपर्यंत. हिशेबनीस म्हणून मी लगेच शोधलं की तो जातो कुठे. जातो भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती फुटली त्याच्या हातावर काही नाही. आधीच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३अ नावाचं एक कलम होतं, त्यात निष्काळजीपणाबद्दल माणसाला भरपाई मागता यायची. नव्या कायद्यानं ते काढून टाकायची तरतूद केलीय. आणि खोटी किंवा उगाचची तक्रार केली तर तक्रार करणाऱ्यालाच दहा हजारांपर्यंत दंड. म्हणजे मास्तर सापडले तर परडी सरकारजमा, आणि आजी उगाच जागली असेल तर तिला भुर्दंड. सरकारी तिजोरीही आपलीच, हे कळतं मला. तरी आजीच्या अंगणातली फुलं आजीला परत मिळायला हवीत असं वाटतंच.

माझ्या चेकचं पुढे काय झालं? आठवडाभर तो फ्रीजवर चुंबकाखाली होता. मग मुदत संपेल म्हणून वटवायला घेतला. हल्ली बँकेत जावं लागत नाही, चेकचा पुढून-मागून फोटो काढून पाठवायचा. बँकेचं अॅप उघडण्यासाठी मी फोन तोंडासमोर धरला. कुलूप उघडलं. लेक बघत होता, तो फिसकन हसला. वर त्यानंच ज्ञान दिलं की फोनमधला चेहरा फोनमध्येच राहतो, कुठे जात नाही. असेल. निदान तो चालू करताना फोननं मला विचारलं होतं, एवढं मला आठवतं.

पैसे खात्यात आले आणि इतर पैशांत मिसळून गेले.

या जानेवारीत वाईला गेले होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण लुटायचं म्हणून आईला पंचवीस स्टीलच्या वाट्या हव्या होत्या. गावात आता काचेच्या दारांचं मोठं दुकान झालंय, सामान ढकलगाडीत घालून फिरायचं ते. बिलाच्या रांगेत आमच्या पुढे चौघं. प्रत्येकाला मुलगा मान वर न करता म्हणत होता, "मोबाइल नंबर?" आणि प्रत्येक जण खणखणीत आवाजात सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा सांगत होता. एका आजोबांनी तर दोनदा सांगितला, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. मागच्या खेपेपर्यंत आईही असाच सांगायची.

आमची पाळी आली. वाट्यांचे दोन डझन आणि वर एक सुटी, तीळ, गूळ, तिळाचं तेल.

"मोबाइल नंबर?"

"कशाला हवाय?" आई म्हणाली.

मुलानं पहिल्यांदा वर बघितलं. विशीतला असेल, ओठांवर कोवळी मिशी. "काकू, सिस्टीम मागते."

"सिस्टीमला कशाला हवाय?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी तेलाच्या बाटलीवरचं वजन वाचत राहिले. मागून कुणीतरी "चला, चला" केलं. "पॉइंट मिळतात, काकू," तो म्हणाला.

"मला पॉइंट नकोत. वाट्या हव्यात."

"पण नंबर टाकल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही."

आई हटली नाही. ती दाराआड शाल घेऊन बसलेल्या आजीची सून आहे हे मी विसरले होते. शेवटी मुलानं इकडे तिकडे बघितलं, जरा पुढे झुकला आणि एकच बटण दहा वेळा दाबलं. नऊ, नऊ, नऊ, नऊ. बिल सुर्रकन बाहेर आलं.

"असं चालतं होय?" आईनं विचारलं.

"चालतं," तो म्हणाला. "त्या नंबरावर सगळ्या दुकानात जास्त पॉइंट आहेत."